सायकलमार्गातून आमचे अंगण वगळण्याबाबत

प्रति,
मा. मार्ग अधिकारी,
वनपर्यटन व सायकलमार्ग विभाग,
जिल्हा कार्यालय, दुसरा मजला.

विषय: खडीच्या सायकलमार्गावर ‘विसावा’ म्हणून दाखवलेले ठिकाण हे आमचे स्वयंपाकघर असल्याने ते नकाशातून काढण्याबाबत.

संदर्भ: १) माझे यापूर्वीचे दोन अर्ज. २) विसाव्याच्या ठिकाणी पर्यटकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल खुलासा मागणारे आपले पत्र.

महोदय,

आपले पत्र मिळाले. मागितलेला खुलासा देते आणि त्यातच माझी विनंतीही पुन्हा करते, कारण वेगळा अर्ज केला की तो वेगळ्या टेबलावर जातो असे दिसते.

१. आपल्या विभागाने गेल्या मोसमात जंगलातले जुने लाकूडवाहू रस्ते जोडून एक सायकलमार्ग जाहीर केला. तो धरणाच्या भिंतीपासून निघतो, दोन बुटके डोंगर ओलांडतो आणि लाकडाच्या डेपोपाशी संपतो. जाड टायरच्या सायकलींना तो फार सोयीचा आहे, चढ अंगावर येत नाहीत आणि सावली सगळीकडे आहे, असे लोक म्हणतात. हा मार्ग माझ्या पतींनी नोंदवला. ते आपल्याच विभागात मार्ग सर्वेक्षक होते. हँडलला नोंदयंत्र लावून ते वाटा पालथ्या घालत. सायकल जिथून जाईल तिथून यंत्र रेघ ओढते. सायकल बराच वेळ एका जागी उभी राहिली, की तिथे विसावा आहे असे समजून ते कपाची खूण उमटवते. हे आपणास ठाऊक आहेच, पण माझा अर्ज दर वेळी नव्या माणसाच्या हाती पडतो, म्हणून लिहिले.

२. दुसऱ्या डोंगराच्या उतारावर एक फाटा आहे. सरळ गेले की डेपो लागतो. डावीकडे वळले की आमचे घर, आणि त्यापुढे काहीच नाही. माझे पती तिथे वळत. आमची मुलगी तेव्हा तान्ही होती, सासूबाई नणंदेकडे होत्या आणि मी दिवसभर एकटी असे. मुलीला कुणाच्या तरी हातात दिल्याशिवाय माझ्याने अंघोळीला जाववत नसे. ती श्वास घेते आहे ना, हे कुणीतरी समोर बसून पाहिले पाहिजे असे मला वाटे. म्हणून ते येत, सायकल स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवत आणि मुलीला मांडीवर घेऊन पायरीवर बसत. मी न्हाऊन आले की जात. हे कामाच्या वेळेत होत असे. त्याबद्दल नियमात काही कारवाई बसत असेल तर ती करावी. ‘नकाशातली ही शेपटी मी नंतर कापतो,’ असे ते म्हणत. नंतर ते आजारी पडले आणि शेपटी तशीच मंजूर झाली.

ते सायकलवरून पडून गेले, असा आपल्या कार्यालयातही समज आहे. तसे नाही. ताप आला, तो डोक्यात गेला आणि ते दवाखान्यात वारले.

३. आता सुट्टीच्या दिवशी उजाडल्यापासून आमच्या अंगणात सायकली येतात. फाटकाला कडी लावून पाहिली. लोक ती काढतात, आत येतात आणि जाताना सभ्यपणे पुन्हा लावतात. रेघ भिंतीपर्यंत असल्यामुळे भिंतीला चाक टेकल्याशिवाय त्यांच्या फोनवर तो टप्पा पुरा होत नाही. तेवढ्या जागेचा रंग आता गेला आहे. नंतर ते पायरीवर बसतात आणि दोन चहा, त्यातला एक बिनसाखरेचा, असे खिडकीतून आत सांगतात. मी काही बोलत नाही. जागा छान पण मालकीण तोंड उघडत नाही, असे लिहून एकाने दोन तारे दिले आहेत. आपण ज्याबद्दल खुलासा मागितला ते बहुधा हेच. खुलासा असा की मी कशाचीही मालकीण नाही. मी माझी भांडी घासत होते.

सासूबाईंचे मत माझ्यापेक्षा वेगळे होते, तेही लपवत नाही. त्या येणाऱ्यांसाठी पाण्याचा जग भरून ठेवत. ‘तोच पाठवतोय गं माणसं,’ म्हणत. ‘येऊ दे की. तुझं काय खातात?’ आमची सून अर्जावर अर्ज करून माझ्या लेकाची वाट बुजवायला निघालीय, असे त्यांनी शेजारच्या मावशींना सांगितले. मावशींनी ते मला सांगितले.

४. मुलगी आता चालते. खडीवर चाक वाजले की ती हातातले टाकून दाराकडे धावते आणि हात वर करून उभी राहते, उचलून घ्या म्हणून. येणारा कोणीही असो. हे तिला कोणी शिकवलेले नाही, आणि तिला काही आठवत असेल असे डॉक्टरांना वाटत नाही.

गेल्या सुट्टीला उतारावरून एक तरुण वेगात आला. सुट्या खडीवर ब्रेक दाबला की चाक थांबते, सायकल थांबत नाही. मुलगी दिसताच तो स्वतःच आडवा पडला. चाक घसरत येऊन तिच्या पावलांशी थांबले. मी मुलीला उचलले, मग त्याचे सोललेले कोपर धुऊन पट्टी बांधली. तो सारखा माफी मागत होता. ‘ताई, रूट इथपर्यंतच दाखवतोय हो,’ असे म्हणून त्याने फोन माझ्यासमोर धरला. दाखवत होता खरा. कडेवरून मुलगी त्याच्याकडे जायला हात पसरत होती.

सासूबाईंनी त्या दिवशी पाण्याचा जग आत नेला.

मला त्या वेळी भीती वाटली नाही. हल्ली काहीच वाटत नाही, म्हणूनच मी जास्त नजर ठेवते. पण महोदय, मी स्वयंपाक करते, कपडे वाळत घालते, क्वचित झोपते. एखाद्या वेळी माझी नजर दुसरीकडे असेल आणि येणारा त्या मुलाइतका चांगला नसेल. एवढीच माझी तक्रार आहे. भिंतीचा रंग आणि दोन तारे हे विषय मी सोडून देते.

५. दुसऱ्याच दिवशी मुलीला घेऊन मी कार्यालयात आले. मंजूर मार्गात दुरुस्ती करायची तर तो ज्याने नोंदवला त्यानेच त्यावर पुन्हा पूर्ण सायकल चालवून नवी नोंद द्यावी असा नियम आहे, असे नव्याने आलेल्या लिपिकांनी सांगितले. ‘साहेबांनाच पाठवा ना ताई. एका सकाळचं तर काम आहे.’ मी म्हटले, ते नाहीत. ‘असू दे, आले की पाठवा.’ तेव्हा मी मृत्यूचा दाखला पुढे केला. त्यांनी तो वाचला, उभे राहिले, ड्रॉवरमधून बिस्किट काढून मुलीला दिले आणि म्हणाले, की नियम मात्र तोच आहे. माणूस वाईट नाही. जाताना त्यांनी खालच्या आवाजात एवढे सांगितले, की यंत्र अजून कार्यालयात जमा झालेले नाही, आणि नोंद यंत्र ज्याच्या नावावर असेल त्याच्या नावाने येते. सायकल चालवली कोणी, हे यंत्राला कळत नाही.

६. यंत्र माझ्या पतींच्या सायकललाच होते. कॉलेज सुटल्यापासून मी सायकलला हात लावलेला नव्हता. सीट खाली केली. दूधवाल्याने त्याच्या गाडीतून मला सायकलसकट धरणापर्यंत सोडले. निघताना मुलीला कडेवर घेऊन सासूबाई फाटकाशी आल्या होत्या. मला वाटले, नको जाऊस म्हणतील. त्या म्हणाल्या, ‘फाट्यावरून इकडे वळू नकोस हं. नाहीतर पुन्हा तेच उमटेल.’

मार्ग चांगला आहे. वर लिहिले ते ऐकीव होते, आता स्वतः पाहिले आहे. पहिल्या डोंगरावर मी उतरून सायकल ढकलली, त्यामुळे तिथे वेग फार कमी दिसेल. तो दोष रस्त्याचा समजू नये. वळणावळणावर ओंडके रचलेले आहेत, त्यांच्या तोंडावर रंगाने आकडे टाकले आहेत, आणि मधूनच झाडे विरळ होऊन खालचे पाणी दिसते. माझे पती घरी येऊन हे सांगत असत. मी तेव्हा केस पुसत असे आणि मुलगी झोपली का, एवढेच विचारत असे.

या नोंदीवर सर्वेक्षक म्हणून त्यांचे नाव आले आहे. मार्गावर सायकल मी चालवली, हे आपणास माहीत असावे. खोटे बोलून काम करून घ्यायचे नाही. हे माहीत असूनही ही नोंद स्वीकारावी, फाट्यापासून आमच्या भिंतीपर्यंतची रेघ आणि कपाची खूण पुसावी, आणि पुढच्या सुट्टीच्या आत पुसावी, ही विनंती.

नोंदीच्या अचूकतेबद्दल एक सांगायचे राहिले. फाट्यावर हँडल आपोआप डावीकडे गेले. तिथे रेघ किंचित वाकडी आली आहे, ती चूक माझी. तिथे पाय टेकावा असे फार वाटले. पण थांबले असते तर यंत्राने तिथेही कप उमटवला असता आणि उद्या लोक तिथे चहाची वाट पाहत बसले असते. म्हणून थांबले नाही. डेपोपर्यंत गेले, यंत्र बंद केले, आणि मग रस्त्याच्या कडेला बसले.

आपल्या विभागाच्या दिवंगत सर्वेक्षकांची पत्नी,
(सही)

दिनांक: आवक शिक्का पडेल तो

सोबत:
१) नोंदयंत्र, चार्ज केलेले. पोच द्यावी.
२) मृत्यूच्या दाखल्याची प्रत (यापूर्वीच्या दोन्ही अर्जांनाही जोडली होती).
३) आपल्या पत्राची प्रत.
सायकल त्यांची स्वतःची आहे, विभागाची नाही. ती जोडलेली नाही.