वऱ्हाडी माणिक साबण

१५ सप्टेंबर २०२४, रविवार

किट आलं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'बिगिनर्स किट' छापलंय. एकतीस वर्षं ज्याने अमरावतीतल्या पोरांना ॲसिड आणि बेस शिकवले, तो बिगिनर! कुरिअरवाल्याला दिसू नये म्हणून खोकं उलटं धरून घरात आणलं.

आत: खोबरेल तेलाची मोठी बाटली, एरंडेलाची छोटी, कॉस्टिक सोड्याचं मोजून भरलेलं पाकीट, चष्मा, हातमोजे, सहा खणांचा रबरी साचा आणि बारा पानांचं माहितीपत्रक. माहितीपत्रक वाचणार नाही. डॉक्टर ताप बघायला पुस्तक उघडत नाही.

हे सगळं कशासाठी, ते एकदा लिहून ठेवतो. जुईलीचं लग्न मे महिन्यात झालं. ही पहिली दिवाळी. पाडव्याला लेक-जावई दिवाळसणाला आपल्याकडे यायला हवेत. जुईली म्हणते, येणार नाही. लग्नात मी माईकवर जे बोललो त्याबद्दल आधी तिच्या सासऱ्यांना 'एक शब्द' म्हणायचा. तो शब्द म्हणजे माफी.

मी काय बोललो? तिचे सासरे खुशालराव हे अकोल्याच्या जुन्या शहरातले फुलांचे व्यापारी. अख्खा मांडव त्यांनी स्वतःच्या फुलांनी भरला होता. मी एवढंच म्हणालो की फूल कितीही सुंदर असो, संध्याकाळी त्याचं निर्माल्य होतं, विद्या मात्र टिकते. हे शास्त्रीय सत्य आहे. टाळ्या कमी पडल्या, पण विज्ञानाला टाळ्या कमीच पडतात. सत्याची माफी कशी मागणार?

त्यापेक्षा स्वतःच्या हाताने केलेला साबण घेऊन अकोल्याला बोलावणं करायला जाईन. हातची वस्तू नेली की तोंडाला काम उरत नाही.

बायकोचं, म्हणजे रमाचं, म्हणणं, एक फोन लावा, दोन मिनिटांचं काम हाय, त्यासाठी घरात सोडा काहून आणून राहिले? रमा चांगली आहे, पण तिला प्रतीकं कळत नाहीत.

१६ सप्टेंबर, सोमवार

साबण चार आठवडे मुरावा लागतो. (हे मला माहीत होतं. माहितीपत्रक वाऱ्याने उघडलं एवढंच.) दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस. म्हणजे वेळच वेळ. उद्या पहाटे पाचला सुरुवात. नक्की.

१७ सप्टेंबर, मंगळवार

अनंत चतुर्दशी. विसर्जनाच्या दिवशी नवनिर्मिती बरी दिसत नाही. शिवाय सात वाजता उठलो.

१८ सप्टेंबर, बुधवार

पितृपक्ष. या दिवसांत नवं काम करत नाहीत. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण रमाचा असेल म्हणून तिला विचारलं. ती म्हणाली, साबणाचं अन् पितरायचं काय हाय? करा की. तरी तिच्या भावना लक्षात घेऊन थांबतोय.

२ ऑक्टोबर, बुधवार

पंधरवडा वाया गेला नाही. चिंतन केलं. खोबरेल ही कोकणची गोष्ट. वऱ्हाडात नारळ पूजेपुरता. मग वऱ्हाडच्या माणसाने वऱ्हाडच्या व्याह्याला कोकणचा साबण का द्यावा? गल्लीतल्या देवीदासच्या तेलघाणीवरून जवसाचं तेल आणलं. नाव ठरलं: 'वऱ्हाडी सुवर्ण'. खोबरेलाची बाटली रमाला डोक्याला दिली.

तिने बाटली घेतली आणि विचारलं, सोड्याचं पाकीट त्यायनं खोबरेलाच्या मापानं भरलं असन ना? तेल बदललं त सोडा बदलन का नाही? मी हसलो. तेल म्हणजे तेल. बारावीला संस्कृत घेतलेल्या बाईशी यापुढे काय बोलणार.

उद्या सुरुवात.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घटस्थापना. नऊ दिवस स्वयंपाकघरात सोडा चालणार नाही, असा हुकूम निघाला. संशोधकाला घरातून पाठिंबा नसतो तो असा. मी लगेच मान्य केलं.

१३ ऑक्टोबर, रविवार, सकाळी ७

दसरा झाला. आज. चष्मा लावला. रमाने फोटो काढायला नकार दिला.

७.२०. दूध तापवायचा जर्मनचा गंज घेतला, त्यात पाणी, पाण्यात सोडा. गंज फसफसला. खिडक्या उघडल्या. गंज आतून काळा ठिक्कर. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमच्या भांड्यात कधीही घालू नये, हे मी नववीच्या पोरांना दरवर्षी सांगायचो. पण ते प्रयोगशाळेतलं ॲल्युमिनियम होतं, हे स्वयंपाकघरातलं. फरक पडतो असं वाटलं होतं.

७.४५. रमाला गंज तिच्या आईने दिलेला. हे आत्ता कळलं. बरंच कळलं.

१०.३०. मोजलेला सोडा वाया गेला म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून नवा आणला. वजनकाटा नव्हता. एकतीस वर्षांचा हात आहे, अंदाज पुरे. थोडा जास्तच घातला, कमी पडायला नको. या वेळी स्टीलचं पातेलं. रमाची रवी घेऊन घुसळलं. छान दाट आलं.

११.४०. आता माझी खास कल्पना. दिवाळी, उटणं, मांगल्य: दोन मोठे चमचे हळद. रमा दारातून ओरडली, अहो नोका टाकू, हळदीले सोडा लागला की लाल होते! साडीवरच्या हळदीच्या डागाले साबण लावला की पाहत नाही का तुमी? मी शांतपणे सांगितलं की ते कपड्यांचं झालं.

११.४१. लाल झाला.

११.५५. हळदीचा कागद बेसमध्ये बुडवला की लाल होतो. आठवीचं पाठ्यपुस्तक. मी त्यावर प्रश्नही काढायचो, दोन मार्कांचा.

१२.१०. नीट विचार केला तर लाल रंग पिवळ्याहून शुभ. कुंकू लालच असतं. नाव बदललं: 'वऱ्हाडी माणिक'. चुकांतूनच मोठे शोध लागतात. अर्थात ही चूक नव्हती.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

साच्यातून साबण काढायचा दिवस. निघाला नाही. चमच्याने काढला, हाताने आकार दिला. सहा वड्या. खरवसासारख्या हलतात. हस्तकलेच्या वस्तूत असा जिवंतपणा असतो.

२० ऑक्टोबर, रविवार

वड्या गच्चीवर उन्हात. अजून मऊच. मुरायला चार आठवडे हा थंड देशांचा हिशेब असणार. अमरावतीच्या ऑक्टोबरात दोन आठवडे म्हणजे चारच झाले. असं गणित मांडलं, बरोबर आलं.

रमाने एका वडीचा तुकडा ओट्याला लावून पाहिला. वीस वर्षांचा तेलकट डाग साफ. गुणवत्ता सिद्ध! तिच्या बोटांची सालं निघाली म्हणते. ती दिवसभर पाण्यात हात घालते, त्याने होत असेल.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

संध्याकाळी जुईलीचा फोन. रमाला. मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर हातात होता. बाबा मामाजींशी, म्हणजे सासऱ्यांशी, बोलले का, असं विचारत असावी, कारण रमा म्हणाली, नाही वं, ते साबण करून राहिले.  मग फोन बंद.

पूर्वी रोज सकाळी क्लासला निघताना 'बाबा, माझी गाडी बाहेर काढून द्या ना' म्हणायची. राजापेठेतल्या त्या गर्दीत ती गाडी घालायची ते बघून मला धडकी भरायची. आता सकाळी धडकी भरत नाही. त्याची सवय झालेली नाही अजून.

रविवारी अकोला. पक्कं.

२७ ऑक्टोबर, रविवार, संध्याकाळी ७, घरी

सविस्तर लिहितो. इतिहासाला उपयोगी पडेल.

बसमध्ये पिशवी मांडीवर होती. बडनेऱ्याच्या पुढे मांडी गरम लागली. पॅन्टवर लाल डाग. शेजारच्या बाईंनी दवाखान्यात चालले का विचारलं. मी साबणाची माहिती दिली. त्या पुढच्या सीटवर गेल्या.

खुशालराव नुकतेच बाजारातून आले होते. हात झेंडूने पिवळे. या इवाईबुवा, बसा, असं व्याह्याला म्हणावं तसं म्हणाले. लग्नातलं काही चेहऱ्यावर नव्हतं. मी चार वड्यांचा डबा पुढे केला. आता डबा बोलेल म्हणून वाट पाहिली. डबा काही बोलला नाही.

खुशालरावच बोलले. इवाईबुवांनी हातानं केलेला साबण हाय, मंग आत्ताच हात धुतो! मी म्हणालो, अजून थोडा मुरू द्या. म्हणजे मनात म्हणालो. ते नळाखाली उभे राहून चांगलं खसखसून हात धुऊ लागले. आधी पाणी लाल. मला वाटलं, हळद. मग पाणी स्वच्छ झालं आणि हात लालच राहिले.

विहीणबाई पळत खोबरेल तेल घेऊन आल्या. खुशालराव म्हणाले, काही नाही वं, गुलाबाचे काटे खाल्लेले हात हायेत, साबणानं काय होते? पण बोटं मिटत नव्हती त्यांची. दिवाळीच्या आठवड्यात फूलवाल्याचे हात.

जावईबापू, शेखर, दारात उभे. जुईली स्वयंपाकघराच्या चौकटीशी. ती सासऱ्यांच्या हातांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. त्या क्षणी एक शब्द म्हणायला जागा होती, चांगली ऐसपैस.

मी पीएच या विषयावर बोललो. दहा मिनिटं. चहा घेतला. निघालो.

मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा लक्षात आलं की पाडव्याचं बोलावणं करायचं राहिलंच.

२८ ऑक्टोबर, सोमवार

काल माफी का मागितली नाही, याची कारणं. विहीणबाई गडबडीत होत्या. नळ चालू होता, ऐकू गेलं नसतं. पीएच सुटसुटीत समजावणं जास्त गरजेचं होतं. चौथं कारण शोधतोय.

रमाने दुपारी करंज्या केल्या. ताट अर्धंच भरलेलं. मी म्हटलं, एवढ्याच? ती म्हणाली, दोघायले किती लागतात.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितोय.

३१ ऑक्टोबर, गुरुवार, नरक चतुर्दशी, सकाळी ६.१५

अंघोळ झाली. रमाने पाठीला तेल लावलं. लावताना हात जरा जोरात पडत होता.

६.४०. गॅलरीत जाऊन खुशालरावांना फोन लावला. चौथं कारण सापडत नव्हतं. मागे फूलबाजाराचा कल्ला. मी म्हणालो, लग्नात बोललो ते चुकलं, आणि हातांचंही. माफ करा. ते म्हणाले, कोण? मोठ्यानं बोला, झेंडूची गाडी उतरून राहिली! पुन्हा म्हणालो. ते म्हणाले, किती किलो?

तिसऱ्यांदा ओरडलो: चुकलं माझं, माफ करा मला! समोरच्या इमारतीतली दोन माणसं दिवे लावायचे सोडून बाहेर आली. पलीकडून उत्तर आलं, हाव हाव, पाठवतो. फोन बंद.

नोंद: माफी मागितली. एकदा नाही, तीनदा. ऐकणं ही समोरच्याची जबाबदारी.

गॅलरीच्या दारात रमा उभी होती. किती वेळ, माहीत नाही. आत जाऊन परातीत मैदा काढला.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

अकोल्याहून येणाऱ्या एका ओळखीच्या ड्रायव्हरच्या हाती टोपलंभर झेंडू आला. सोबत चिठ्ठी नाही. फुलं संध्याकाळी लक्ष्मीला वाहिली. टवटवीत होती. रमाने मुद्दाम विचारलं, संध्याकाळी काय होते म्हणता फुलायचं?  तत्त्वचर्चेची वेळ नव्हती.

२ नोव्हेंबर, शनिवार, पाडवा

आले! सकाळी साडेसातला दोघं दारात. जुईलीने पायातली चप्पलही न काढता मला मिठी मारली. म्हणाली, मामाजींना काही ऐकू नाही आलं बाबा, पण आईनं सांगितलं तुमी गॅलरीतून अख्ख्या राजापेठेले ऐकवलं. मी म्हणालो, डोळ्यांत सोडा गेलाय. घरात सोडा उरलेलाच नाही, हे तिला माहीत नाही. जीव गार झाला अगदी.

मग जावईबापूंच्या अभ्यंगाची तयारी. रमाने पाट मांडला, रांगोळी, तेल, उटणं. 'माणिक'ची उरलेली एक वडी मी चांदीच्या वाटीत घालून न्हाणीघराच्या दाराशी उभा राहिलो. आता बऱ्यापैकी मुरली आहे. वाटीला चिकटली होती, पण दिसायला छान.

शेखररावांनी वाकून नमस्कार केला. मुलगा संस्कारी आहे, हे मी सुरुवातीपासून म्हणतो. वाटीकडे पाहिलं. मग खाली मान घालून बॅग उघडली आणि प्लॅस्टिकची साबणदाणी काढली. स्वतःची. बंद झाकणाची.

बाबूजींनी दिला, असं फार हळू आवाजात म्हणाले; बाबूजी म्हणजे खुशालराव. मग बॅगेतून आणखी एक वडी काढली, कागदासकट, नवी कोरी. म्हणाले, बाबूजींचा निरोप आहे, एक इवाईबुवाले बी दे जो.

दुपारी पुन्हा अंघोळ केली. साबण गुलाबाचा आहे, दुकानातला. फेस भरपूर येतो. मी दोनदा लावला.