तंदूरघराची जमीन

११ सप्टेंबर
दुरमुश पुन्हा तेच घेऊन बसला. तंदूरघर पाडायचं, खाली खोल खणायचं, सिमेंटचं घर उठवायचं. "आई, सोळा तारखेला मशीन येतंय." येऊ दे. दारात खाट टाकून बसते. म्हणावं, आधी म्हातारीला उचल.
"नको का म्हणतेस ते तरी सांग."
नाही सांगत.

१२ सप्टेंबर
गहू उकडून गच्चीवर पसरले. दुसरं काही नाही.

१३ सप्टेंबर
नात नुरहान शहरात शिकते — जुनी हाडं उकरायचं शिक्षण. तिनं संग्रहालयात नेलं. बापानंच सांगितलं असणार, म्हातारीला फिरवून आण, मऊ पडेल.

बाहेर पाटी — अनातोलियाच्या, म्हणजे आमच्याच मुलखाच्या, प्राचीन संस्कृती. आत काय, तर खापरं! आमच्या नांगराला लागतात तसली. फुटका माठ मी अंगणात ठेवला तर दुरमुश कटकट करतो. इथं त्याला दिवा लावलाय, राखणीला गणवेशातला माणूस.

एक लांबट मातीचं भांडं, दोन्हीकडं कान, वर भोक. टाय घातलेला एक जण लोकांना सांगत होता, यातून देवापुढं दारू ओतत. मी म्हटलं, "बाबा, हे दोरीला टांगून हलवायचं, लोणी काढायला. भोक नसेल तर वारा कोंडतो, सगळं ताक तोंडावर. आईला विचार तुझ्या."
"मावशी, माझी आई बँकेत होती."
मग राहू दे. नुरहान माझी बाही ओढत होती.

पुढं एक मडकं. पोट फोडलेलं, आत काड्यांएवढी हाडं. नुरहाननं पाटी वाचली — घराच्या जमिनीत, चुलीशेजारी पुरलेलं तान्हं मूल. "चार हजार वर्षं, आजी!" एक बाई तोंडाचा चंबू करून त्याच्यासोबत फोटो काढत होती.
"चुलीशेजारीच का पुरत, कुणाला नक्की सांगता येत नाही," नुरहान म्हणाली.
मला येतं. तिथं ऊब असते. पण म्हटलं, पाय दुखतात, चहा पाज.

१४ सप्टेंबर
लिहूनच टाकते. दुरमुशच्या आधी एक मुलगी झाली. श्वासच घेतला नाही तिनं. सासू म्हणाली, श्वास नाही तर नाव नाही, कबर नाही. लोणच्याच्या मडक्यात घालून तंदूरच्या उजव्या अंगाला पुरली, आणि दुसऱ्या दिवशी तिथंच मला भाकरी भाजायला बसवलं. बावन्न वर्षं भाजल्या. पुढचा जगला म्हणून नाव ठेवलं दुरमुश — म्हणजे थांबला तो. आता हा थांबलेलाच मशीन आणतोय. हाडं निघाली की त्याचीच पोरगी त्यावर पाटी लावणार. नि कुणी बाई चंबू करणार.

उद्या दुरमुश बाजाराला जातो. कुदळ गोठ्यात आहे.

१५ सप्टेंबर
दुरमुशला म्हटलं, येऊ दे तुझं मशीन. तोंड उघडंच राहिलं त्याचं.

दोन निघाली. हातभर खाली माझं मडकं, शाबूत. त्याच्याखाली वीतभर माती, आणि आणखी एक — संग्रहालयात काचेत होतं तसलं, आत तसंच काही. नुरहानला कळवणार नाही. दोन्ही शालीत बांधून कबरस्तानात नेली, सासूच्या कुशीला पुरली.

सांभाळ म्हटलं आता.