अमेरिका हरली, अभयचा फोन आला

पेण, २३ जून १९९८

जोह्याला दामूच्या कारखान्यात गेलो होतो. गणपतीचे डोळे रंगवता रंगवता तो हसत होता. "गुरुजी, अमेरिकेला फुटबॉल नाय जमायचा. चेंडू हातात धरून पळणारी माणसं ती!" विश्वचषकाला आलेले परदेशी वार्ताहरही अमेरिकेला हसतात, असं पेपरात होतंच. मीही हसलो असतो. पण माझा अभय आता तिथलाच ना?

घरी येतो तोच त्याचा फोन. "बाबा, आमची टीम इराणकडूनही हरली. तिकडे काय म्हणतात हो?"

पेपर हातातच. काय वाचून दाखवू? लहानपणी तो रडला की शाळेतली कविता म्हणायचो. आज हरणाऱ्यांची एकही आठवेना. त्या सगळ्या जिंकणाऱ्यांच्या.

"इकडे पाऊस चांगला आहे," म्हणालो.

"म्हणजे हसतायत," अभय म्हणाला.