सव्वाशेच्या दशम्या

आई, तुला वाचता येत नव्हतं म्हणून हे निर्धास्त लिहिते आहे. वाचता येणाऱ्या बाईला मी असलं काही लिहिलं नसतं. ज्या सातवीवर तू माझी शाळा थांबवलीस त्याच सातवीच्या अक्षरांत लिहिते, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर तो दोष तुझ्या पदरात. मी सध्या अमेरिकेत आहे, टेक्सासमध्ये, शुगर लँड म्हणून गाव आहे तिथे. लेकीचं बाळंतपण काढायला आले. नाव साखरेचं आणि हवा अशी, की सकाळी दोरीवर टाकलेला दुपट्याचा तुकडा संध्याकाळी आणखी ओला. मुलगी झाली. तुझ्यासारखी कपाळावर आठी घेऊनच आली आहे. पण ते सांगायला हे लिहीत नाही. शनिवारी मी तुझ्या विमानात चढून आले, ते सांगायला लिहिते आहे.

माझा जावई नागपूरचा, विमानं दुरुस्त करण्याचं शिकलेला. इथे एका धावपट्टीच्या कडेला त्याचं वर्कशॉप आहे, तिथे म्हातारी विमानं येतात आणि त्यांचे सुटे भाग काढून विकतात. माणूस गरीब स्वभावाचा, म्हणजे मला आजवर वाटायचं तसा, जेवताना मान वर न करणारा. गेल्या आठवड्यात मी वाढत होते आणि तो लेकीला सांगत होता, "आज एक अँटिक आलंय यार आमच्याकडे. वन ट्वेंटी फाइव्ह. सिक्स्टीजचं ब्रिटिश बिझनेस जेट, इंजिनं पण ओरिजिनल." माझ्या हातातली पळी तशीच राहिली. मी म्हटलं, "सव्वाशे?" त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला कसं माहीत, आई?" मी म्हटलं, "त्या विमानापायी माझ्या आईने माझी शाळा सोडवली." लेक म्हणाली, "झालं सुरू."

सुरू कशाला होईल, संपलंच कुठे होतं? आपण सांताक्रूझला बाबांच्या मालकांच्या गेस्ट हाउसमागच्या खोलीत राहत होतो. बाबा गेल्यावर तुला तिथलं स्वयंपाकघर मिळालं, तोवर सगळं ठीक होतं. मग मालकांनी विलायतेहून ते विमान मागवलं. पांढरं, अंगावर निळा पट्टा, पोटाखाली पंख. मेकॅनिक लोक त्याच्या नंबरावरून त्याला सव्वाशे म्हणायचे, म्हणून आपणही म्हणायचो. त्यात आठ माणसं जेमतेम बसायची, पण ओरडणं आठशेंचं. ते सुरू झालं की गेस्ट हाउसची तावदानं थरथरायची आणि तू अशी उभी राहायचीस, जणू तूच बाळंत झालीस. बरोबरच्या पाहुण्यांना हॉटेलचे सँडविच यायचे, पण मालकांना दशमी लागायची. दुधात भिजवलेली, कोरडी बटाट्याची भाजी, दाण्याची चटणी. विमानात गरम करायला काही नाही, म्हणून दशमी अशी हवी की थंड झाली तरी तुटायची नाही. विमानाची वेळ आणि शाळेची वेळ एकच. तुझे दोन हात पुरेनात, मग तू माझे दोन काढून घेतलेस.

शाळेच्या बाई घरी आल्या होत्या, आठवतं? मला आठवतं. तू त्यांना पाट दिलास, चहा दिलास आणि त्यांचं बोलणं सगळं ऐकून घेतलंस. बाई म्हणाल्या, "पोरगी हुशार आहे हो, गणितात पहिली आहे. मॅट्रिकपर्यंत तरी राहू द्या." तू पोळपाटावरून मान न उचलता म्हणालीस, "बाई, शाळा उद्या पण तिथेच असते. विमान थांबत नाही." बाई म्हणाल्या, "मग हिचं पुढे काय?" तू म्हणालीस, "पत्र लिहिता येतं तिला. तेवढं पुरे." हे बघ, लिहिते आहे. पुरतं आहे का?

तुझी एक रीत होती. दर घाण्यातली एक दशमी तू बाजूला ठेवायचीस, झाकून नाही, उघडी, खिडकीत. दुपारी ती मोडायची. कडेला तडा गेला की माझा उद्धार. "ही मालकाच्या तोंडात जाणार, तुझ्या नाही," म्हणायचीस, आणि मग ती तडकलेली दशमी माझ्याच तोंडात जायची. माझी शाळा म्हणजे ती खिडकी. एकदा मी म्हटलं, माझ्या दशम्या फिरतात दिल्लीपर्यंत, मला निदान आतून तरी दाखव. तू पिठाच्या हाताने थोबाडीत दिलीस. पाच बोटं पांढरी उमटली. मग संध्याकाळी त्याच हाताने एक पेपरमिंट दिलंस, विमानातलं, चकचकीत कागदातलं. म्हणालीस, "कान दुखू नयेत म्हणून आत वाटतात. मला मालकांनी स्वतः दिलं. थांब जरा, एकदा नेईन तुला आत."

आणि मग आत काय काय आहे ते तू सांगायचीस. तुझ्या तोंडात तेवढ्यापुरती साखर यायची. समोरासमोर खुर्च्या, गालिचा, खिडक्यांना पडदे. "आणि सगळ्यात मागे एक दार आहे, ते उघडलं की माझं स्वयंपाकघर. इवलंसं, पण आरसा आहे, नळ आहे. मी तिथे उभी राहून डबे लावते. बायकोला नाही उभं राहता येत तिथे मालकाच्या, मला येतं." हे तू मला सांगितलंस, शेजारणीला सांगितलंस, पुढे माझ्या लेकीलाही मांडीवर घेऊन सांगितलंस. माझी शाळा गेली, पण माझ्या आईचं विमानात स्वयंपाकघर आहे, असं मी मनाशी धरून ठेवलं होतं. काहीतरी धरायला लागतं ना. एकच दिवस तू मला धावपट्टीपर्यंत नेलंस, दुसरा डबा उचलायला. विमानं ठेवायच्या हँगरच्या सावलीत उभं केलंस. दार विमानाच्या पलीकडच्या अंगाला. तू डबे घेऊन नाकापुढून वळून गेलीस आणि थोड्या वेळाने पदर सारखा करत आलीस. "आत लावून आले," म्हणालीस. मी फक्त तुझे पाय पाहिले होते, विमानाच्या पोटाखालून.

पुढे मालकांनी ते विकलं. रॉकेल फार पितं म्हणे. तुला परत आमटी-भातावर बसवलं, मला लग्नाला उभं केलं. शाळेत परत घाल, असं तेव्हा मी म्हटलं नाही, कारण मला तोवर पोळपाटाखेरीज काही येतच नव्हतं.

तर शनिवारी गाडीतून जाताना जावई मला त्या विमानाची कुळकथा सांगत होता. विलायतेत ते जन्मलं तेव्हा त्याचं नाव काही ड्रॅगनवरून ठेवलं होतं. मग ती कंपनी दुसरीने गिळली, दुसरी तिसरीने, आणि दर वेळी नाव बदललं. सगळ्यात जास्त गिऱ्हाईक अमेरिकेत, इथल्यांनीच त्याला कमी ओरडणारी इंजिनं बसवली, आणि आता तर ते इथेच कॅन्ससला जुळवतात, पंख मात्र अजून विलायतेहून येतात. मी म्हटलं, "म्हणजे बाईच की. माहेर एकीकडे, नांदणं दुसरीकडे, आणि दर घरी नवं नाव." तो हसला. म्हणाला, "पण डिझाइन भारी होतं, आई. चाळीस वर्षं झाली, अजून नवीन बनतंय." मी म्हटलं, "मग हे का कापता?" तो म्हणाला, "ह्याची जुनी इंजिनं परवडत नाहीत कुणाला. मंडेला कट करणार. म्हणून तर आजच चला म्हटलं."

न्यूयॉर्कचे ते दोन मनोरे पडल्यापासून इथे फाटकावर फार कडक आहे. माझ्या गळ्यात पाहुणी म्हणून पट्टी अडकवली. जावयाचा साहेब येऊन काहीतरी बोलला. जावई म्हणाला, "ते म्हणतायत, डोकं सांभाळा, दार लो आहे." मी म्हटलं, "त्यांना सांगा, माझं डोकं आपटायचं तिथे आपटून झालंय." त्याने ते सांगितलं नसणार, कारण साहेब नुसताच हसला. निळा पट्टा नव्हता, तांबडा होता, तेव्हा हे तुझं विमान नव्हे. पण पोटाखाली पंख तेच. पायऱ्या दारातूनच खाली उघडतात, उभ्या आणि अरुंद. मी चढले. उन्हाने आत भट्टी झालेली. आणि दारातून पाऊल टाकलं तोच समोर, अगदी हाताशी, एक कपाट. थर्मासला दोन गोल खाचा, कप ठेवायला फळी, खाली कप्पा. मी विचारलं, "हे काय?" "गॅली. म्हणजे किचन म्हणा. जेवणाचे डबे इथेच ठेवायचे. पायरीवरूनच देता येतात, आत यावंसुद्धा लागत नाही."

मी सरळ मागे गेले. खुर्च्या होत्या समोरासमोर, दोन फाटलेल्या. गालिचा होता. पडदे होते. तेवढं खिडकीतून बाहेरूनही दिसतं. सगळ्यात मागे दार होतं. ते उघडलं. आरसा होता, नळही होता. आणि आई, तुझ्या स्वयंपाकघराच्या जागी संडास आहे.

मला हसूच आलं, पण ते बाहेर पडलं ते वेगळंच काहीतरी. जावई पळत आला. "काय झालं, आई?" मी तुला एक संधी दिली, बरं का. त्याला विचारलं, "एखाद्या विमानात हे मागे स्वयंपाकघर असायचं का हो?" तो म्हणाला, "नाही आई. मी बघितलेल्या ह्या मॉडेलमध्ये तरी पुढेच. दारापाशी." मग त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ते मागचं दार हळूच लावून घेतलं. मी एका खुर्चीवर बसले. तू पायरी चढली नाहीस. कुणी तुला चढू दिलं नाही. पायलटने दारातून हात लांब करून डबे घेतले आणि उरलेलं पेपरमिंट तुझ्या हातावर टाकलं, एवढंच. ज्याच्या उंबऱ्याच्या आत तुला घेतलं नाही, त्याच्यासाठी तू माझी शाळा दिलीस. मला थोबाडीत मारलीस ती का, तेही तिथे कळलं. मला आत न्यायला गेली असतीस, तर तू स्वतःच बाहेर उभी राहतेस हे उघडं पडलं असतं. कळलं म्हणून राग गेला असं समजू नकोस. उलट आधी निदान एक स्वयंपाकघर तरी होतं.

रात्री जेवायला बसलो. लेक बाळाला खांद्यावर थोपटत म्हणाली, "मग? होतं का मागे किचन? आजी काय सांगायची ना, आरसा, नळ. मला तेव्हा खरंच वाटायचं." मी घास घेतला. बोलायला तोंड रिकामं नको होतं. तेवढ्यात जावई, मान वर न करता, म्हणाला, "होतं ना. छोटंसं. अगदी आजी म्हणायच्या तसंच." आणि आमटी मागून घेतली. मी वाढली. चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. घरातलं खोटं घरातच राहिलेलं बरं. पण बघ, तुझ्यासाठी आता परक्याचा मुलगासुद्धा खोटं बोलला, आणि मी त्याला बोलू दिलं.

आज सोमवार, त्यांनी ते कापलं असणार. जावयाच्या डब्याला सकाळी मी दशम्या दिल्या. तिकडे त्याला गरम करायला काही नसतं. एक बाजूला काढून खिडकीत उघडी ठेवली आणि दुपारी मोडून पाहिली. तडा गेला नव्हता. हे तुला सांगायचं नव्हतं.