इरिदाच्या नावाच्या घुगऱ्या

फ्लोरिना, २० ऑक्टोबर

लाडक्या नोना इव्हान्थियाला तिच्या थेक्लाचा वाकून नमस्कार आणि दोन्ही गालांचे पापे.

तुझा गुडघा कसा आहे? वोलोसच्या दमट हवेत कुरकुरत असणारच. इकडे सगळे खुशाल आहेत (असं लिही म्हणून आईनेच सांगितलंय). मी मात्र भयंकर संतापलेय, आणि तू माझी धर्ममाता असल्याने (बाप्तिस्म्याला मला तेल चोपडून कुंडात बुडवायला तूच उभी होतीस) हे सगळं ऐकून घेणं तुला भाग आहे.

तुला ठाऊकच आहे, फेब्रुवारीपासून मला नैराश्य आहे. डॉक्टरीणबाईंनी तो शब्द स्वच्छ उच्चारला, कागदावर लिहूनही दिला. घरी पोचेपर्यंत आईने त्याचा 'थकवा' करून टाकला. शाळेत थकवा, शेजारी थकवा, आठ महिने मी आपली थकलेलीच आहे (एवढं थकायला मी काय गावभरच्या मिरच्या एकटीने भाजल्या?). मग चोवीस सप्टेंबरला संत थेक्लाचा सण, म्हणजे माझा नामदिन आला. दार सताड उघडं, आमंत्रणाची गरज नाही, येईल त्याला कॉफी. आणि आलेल्या अकरा जणींपैकी सात जणींच्या हातात मिठाईच्या डब्याऐवजी पुस्तक! सातही कादंबऱ्या माझ्या वयाच्या, मनाने आजारी असलेल्या मुलींच्या. म्हणजे आईने कुणाला सांगितलेलं काही नाही, पण ठाऊक सगळ्यांना आहे. फक्त तोंडाने कुणी बोलायचं नाही.

मी त्या सगळ्या वाचल्या. एकजात सगळ्या नायिका बारीक, फिकट आणि सुंदर. मी गोळ्यांनी चार किलो फुगलेय. त्यांना मोटरसायकलवाला मुलगा भेटतो, तो कड्याच्या टोकावर एक वाक्य बोलतो आणि यांना पुढच्याच पानावर बरं वाटायला लागतं. माझ्या वाट्याला मोटरसायकलवाला एकच, पोस्टमन, आणि तो पावतीवर सही मागतो. यांतल्या एकीलाही केस धुवावे लागत नाहीत. मला नुसतं आंघोळीला उठायला अख्खी सकाळ पुरत नाही, त्यावर सात पुस्तकांत मिळून एक ओळ नाही! इरिदा नावाच्या मुलीची कादंबरी तर तिघींनी आणली होती. त्यात शेवटच्या प्रकरणात ती चक्क मरते. का, तर लेखकाला शेवट सुचेना. मला रोज सकाळी पुढे काय करायचं ते सुचत नाही, म्हणून मी कुणाला मारते का?

त्यातली एक प्रत लागली आजीच्या हाती. ओळीखाली बोट ठेवून ती तीन आठवडे वाचत होती. असली गोष्ट कुणी मनाने रचेल हे तिला पटतच नाही. तिने सरळ शुक्रवारच्या प्रार्थनेच्या कागदावर, जिथे आपण आजाऱ्यांची नावं लिहून देतो, इरिदाचं नाव घातलं. आपल्या पाद्रीबाबांनी, पापा-स्तेर्गिओसनी, ते तिन्ही शुक्रवारी खणखणीत आवाजात वाचलं. मग शेवटचं प्रकरण आलं. आजी त्या दिवशी जेवली नाही. काल शनिवारी साखर आणि डाळिंबाचे दाणे घालून, मेलेल्यांच्या नावाने करतात तशा परातभर गव्हाच्या घुगऱ्या घेऊन ती चर्चमध्ये गेली आणि इरिदाचं नाव मृतांच्या कागदावर वाचून घेतलं. दुपारी शेजारच्या झाखारूलाबाई काळा रुमाल बांधून दारात हजर. "कुणाची गं पोर? एवढ्या लहान वयात?"

"अहो आई, ती पुस्तकातली आहे!" आई ओरडली.

"मग तर तिला कुणीच नाही," आजी म्हणाली. "तिच्या घुगऱ्या कोण करणार? तो लिहिणारा?"

मी हसत होते गं, खरंच. हसता हसता विचारलं, "आणि माझं नाव कुठल्या कागदावर असतं?"

आजी आईकडे बघायला लागली. मग कळलं की आजी फेब्रुवारीपासून दर शुक्रवारी 'थेक्ला' लिहितेय. पण तिचं अक्षर पाद्रीबाबांना लागत नाही, म्हणून आई कागद नव्याने उतरवते आणि उतरवताना मला गाळते. आजाऱ्यांत माझं नाव मोठ्याने वाचलं तर गावाला कळेल ना! (सात पुस्तकं देणाऱ्या गावाला!) इरिदाचं नाव मात्र आईने उतरवलं; ती कोण, हे विचारलंही नाही. आपल्यातली नाही, एवढं तिला पुरलं. म्हणजे जी कधी जन्मलीच नाही तिच्यासाठी अख्खी फ्लोरिना छातीवर क्रुसाची खूण करत उभी राहिली, आणि मी पहिल्या रांगेत आईशेजारी 'थकलेली'. मला फार वाईट वाटलं, नोना. रागापेक्षा वाईटच जास्त वाटलं.

बाकी ठीक. काकांना नमस्कार.

तुझी,
थेक्ला

ता. क. : तू पाठवलेलं पुस्तक पोचलं. आभारी आहे. इरिदाचीच चौथी प्रत आहे.

आणखी एक : पुस्तकांवर एवढं तोंडसुख घेतलं खरं, पण सगळे इरिदाशी हळू आवाजात बोलतात असं एक पान आहे, तिथे मी खूप रडले. घुगऱ्याही दोन वाट्या खाल्ल्या.

आणि पत्र ज्यासाठी लिहिलं ते : आई फक्त तुझं ऐकते. शुक्रवारच्या आत तिला फोन कर. माझ्या बाप्तिस्म्याला ती रीतीप्रमाणे घरीच बसली होती आणि भर चर्चमध्ये माझं नाव पहिल्यांदा तू घेतलंस. ते ऐकून पोरं तिला नाव सांगायला घराकडे धावत सुटली, असं तूच सांगतेस. आता तिला ते पुन्हा सांग. म्हणावं, थेक्ला, आजाऱ्यांच्या कागदावर, स्वच्छ अक्षरात. मला बरं व्हायचंय.