जिभेला चिकटलेलं हाड

२८ मार्च

आले बाई एकदाची! कराडहून निघताना आईनं इतका चिवडा बांधून दिला की वर्धा जिल्ह्यात चूलच पेटत नाही असं कुणालाही वाटावं. आणि इथं जिजाबाईंनी पहिल्याच जेवणाला पाटवडीचा रस्सा वाढला. तिखटानं कानातून धूर निघाला, तरी तीन वाट्या हाणल्या.

हिंगणघाटहून थोडं आत, वेणा नदीच्या काठचं गाव. घरात जिजाबाई आणि नानाजी दोघंच, पुढची खोली आता माझी. जिजाबाईंनी दुकानातून सांभार आणायला सांगितला, तर मी डाळीच्या मसाल्याचं पाकीट घेऊन आले. त्यांना कोथिंबीर हवी होती! अजून हसताहेत. मला लई आवडलं हे घर.

३० मार्च

उत्खननाचं काम झकास सुरू झालं. नानाजींचं शेत नदीकडे उतरतं, तिथं गारगोट्यांचे छिलके पावलोपावली. माणसानं फोडलेला दगड कसा ओळखायचा ते नानाजींना दाखवलं: घाव बसतो तिथं फुगवटा येतो, कडेला पातं निघतं. ते म्हणाले, असे टोपलंभर गोटे तर म्या पाखरं हाकलाले फेकले.

पण दगडी हत्यारं सगळ्यांनाच मिळतात. सर फोनवर म्हणाले, हाडाचं एक जरी मिळालं तरी पीएचडीचं सोनं होईल. मला ते हवंच आहे.

२ एप्रिल

मिळालं! मिळालं! मिळालं!

वीतभर लांब दाभण. एक टोक घासून अणकुचीदार केलेलं, दुसरं जाड, आणि जाड टोकाजवळ तीन तिरपे चरे. आणि हाड माणसाचं, कोपराखालचं, डाव्या हाताचं. मी खड्ड्यातच नाचले.

आम्हा खोदणाऱ्यांची एक जुनी खोड आहे. दगड की हाड असा संशय आला की जिभेला लावून बघायचं. दगड सुटतो. जुनं हाड चिकटतं, कारण त्यातला रस गेलेला असतो आणि ते थुंकी ओढून घेतं. ताजं हाड चिकटत नाही. इथं संशय कसला, पण राहवलं नाही. असं घट्ट चिकटलं की ओढून काढावं लागलं. जिभेचं साल निघालं, रक्ताचा थेंब हाडावर पडला आणि बघता बघता आत जिरला.

जिजाबाई डबा घेऊन आल्या होत्या, त्या कडाडल्याच. हाडाले तोंड काऊन लावून राह्यली, कोनाचं हाय ते मालूम तरी हाय का तुले? मी म्हटलं, ज्याचं असेल त्याला आता कशाला लागतंय!

५ एप्रिल

आज नाक कापलं गेलं. सरांना व्हिडिओवर दाभण दाखवला. ते म्हणाले, जिभेला लावून दाखव. लावलं.

चिकटलं नाही. ओलसर, तेलकट लागलं, नळीच्या मटणासारखा वास आला. सर हसले, म्हणाले कुणीतरी तुझी फिरकी घेतलीये, हे ताजं हाड आहे.

मी चिडून दोन तारखेचे फोटो उघडून बसले. फोटोत तीन चरे स्वच्छ दिसतात. हातातल्या दाभणावर एकही नाही. खोलीला कुलूप असतं, किल्ली माझ्या गळ्यात. मग बदलला कुणी? टोक तेच, लांबी तीच.

सकाळपासून डावा हात ठणकतोय.

८ एप्रिल

दाभणाच्या मधोमध गाठ आलीये.

असली गाठ मी ओळखते. हाड मोडून परत जुळलं की येते. तिसरीत असताना मी चिंचेवरून पडले होते, डाव्या हाताला तशीच गाठ आहे. होती. आत्ता चाचपली, तर हात गुळगुळीत.

नानाजींनी गाडीवर बसवून सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. एक्स-रे काढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा हात कधी मोडलेलाच नाही. मग त्यांनी हळूच विचारलं, इथं कुणी सुरी मारली होती का. कोपराजवळ हाडावर तीन तिरप्या रेघा होत्या.

मी घाबरलेय. लिहिलं की जरा बरं वाटतं म्हणून लिहितेय.

१० एप्रिल

गेली पीएचडी खड्ड्यात. दाभण जिथला तिथं पुरायला नानाजींबरोबर गेले. खड्डा मी स्वतः बुजवला होता. तो उघडा होता, आणि माती आतून बाहेर लोटलेली.

कडेला अनवाणी पावलं, गावाकडे गेलेली. मी चप्पल काढून पाय ठेवला. बरोब्बर बसला. माझी वाकडी करंगळीसुद्धा.

दाभण टाकला, माती लोटली. परत येताना नानाजींनी गाडी जोरात हाणली. उद्याच्या गाडीनं कराड.

१२ एप्रिल

जाता आलं नाही. उभं राहिलं की पाय कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीसारखे कडकड वाजतात. दुखत नाहीत. तेच वाईट.

जिजाबाई रागावल्या. दुपारच्या एवढ्या उन्हात नदीवर काऊन गेलती, केस मोकळे सोडून? हाक मारली तं मांगं पाह्यलं नाई.

मी दिवसभर खाटेवर होते. सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावून पाहिला, म्हणाल्या ताप डोक्यात गेला. मग परवाच्या जयंतीसाठी आणलेली पांढरी साडी दाखवली. दोन सारख्या, एक त्यांची, एक माझी. लेक असती तं तिलेच घेतली असती म्हणाल्या. मी खूप रडले. डोळ्यांतून पाणी आलं नाही.

१३ एप्रिल

तांब्यावर तांब्या पाणी पितेय. तोंडात ओल राहत नाही.

बोलताना जीभ दाताला लागली — चिकटली. ओढून सोडवली. रक्त.

दगड सुटतो. ताजं हाड सुटतं. चिकटतं ते —

आईचा फोन आला. नुसतं अं अं करत राहिले. आई घाबरून ओरडत होती. बंद केला.

१४ एप्रिल

जीभ सुटत नाही. सगळ्या दातांना —

गल्लीत गाणी, निळे झेंडे. सकाळपासून मिरवणुकीची गडबड. दार बाहेरून बंद. वाजवायला हात उचलला तर डाव्या हाताची दोन बोटं खाटेवरच राहिली. रक्त नाही. पांढरी. कोरडी.

अंगणात जिजाबाई कुणाशी तरी बोलतायत.

माझा आवाज. माझं हसणं. आता बरी आहे म्हणतेय. लई बरी.

जिजाबाई खूश. म्हणतायत मले वाटलं तू येतच नाई. साडी आतच हाय. जाय, नेसून येजो लवकर —

किल्ली. माझ्या गळ्यात नाही. कधी गेली —

पायरीवर अनवाणी पाय. कुलूप —

जिजाबाई, ती मी नाही, मी इथं आत