थोरल्या ताऱ्याचा मान

४ मार्च
एकतीस! राष्ट्राध्यक्षांना आज एकतिसावा परदेशी सन्मान मिळाला. साहेबांचं काय, गळा पुढे केला की झालं. पुढचं सगळं माझ्याकडे. बावीस वर्षं ही पदकं पुसतेय, कोटावर टाचतेय, पेटीत झोपवतेय. आता कोटाला डावीकडे आतून जाड अस्तर लावावं लागणार. ओझ्यानं छाती लोंबायला लागलीय — कोटाची!

९ मार्च
परवा शेजारच्या देशाचे अध्यक्ष जेवायला येणार. पाहुणा ज्या देशाचा, त्या देशाचं पदक सगळ्यांत वर — हा आमचा रिवाज. पण त्यांची ताऱ्याच्या आकाराची पदकं दोन! एक जुन्या राजानं दिलेला. दुसरा या पाहुण्यांनी, राजाला हाकलल्यावर. वर कुठला? राजशिष्टाचार अधिकारी नेमके दौऱ्यावर. (आम्ही त्यांना ‘कलमसाहेब’ म्हणतो. प्रत्येक वाक्यात एक कलम!) घरी ताईला विचारलं. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, “त्यात विचारायचं काय? थोरल्याचा मान आधी.” पटलं.

११ मार्च
मेले! पाहुणे हात मिळवायला पुढे आले आणि त्यांची नजर साहेबांच्या छातीवर खिळली. वर राजाचा मुकुटवाला तारा, खाली त्यांचा. चेहरा खर्रकन उतरला. सूप तसंच बाजूला सारलं. साहेबांना पत्ताच नाही, ते आपले हवापाण्यावर बोलताहेत. मी दाराआडून सगळं बघतेय.

१३ मार्च
कलमसाहेब परतले. बोलावणं आलंच. “बाई, हाकललेल्या राजाला तुम्ही हाकलणाऱ्याच्या डोक्यावर बसवलंत!” मला हसू आलं, दाबलं. मग कळलं — बदली. तळघरात, धुलाईत.

घरी येऊन खूप रडले. तो कोट माझ्या हातचा आहे. त्याचा टाका न् टाका मला डोळे मिटून सापडतो. ताई सारखी म्हणतेय, “माझंच चुकलं गं.” तिच्यावर कशी रागावू? तारे तर मीच टाचले.

२ एप्रिल
वाफेनं केस कुरळे झालेत. माणसं मात्र झकास. इस्त्रीवाले मला ‘सरकार’ म्हणतात! वरच्या नव्या माणसानं परवा साहेबांना पदक उलटं लावलं म्हणे. वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

१९ एप्रिल
एकशे चाळीस नॅपकिन. बाकी काही नाही.

६ जून
शेजारच्या देशात राजा परत आला! लोकांनीच बोलावला म्हणे. पुढच्या महिन्यात आमच्याकडे जेवायला येतोय. दुपारी कलमसाहेब स्वतः जिने उतरून खाली आले. वाफेनं चष्मा पांढरा. “बाई... तो मुकुटवाला तारा. नव्या माणसाला सापडत नाहीये. कुठे ठेवलात?”

मी हातातल्या नॅपकिनची घडी पुरी केली. म्हटलं, “इथे खाली काही आठवत नाही हो साहेब. वर गेले की आठवेल.”